बोर्डावरचा लाल फोटो

मला माफ करता येत नाही. गुण म्हणा, अवगुण म्हणा, आहे हे असं आहे. शाळेत माझ्या वेणीला च्युइंगम चिकटवणाऱ्या मुलीच्या लग्नात मी पोटभर जेवले आणि निघताना तिच्या नवऱ्याला ती गोष्ट रंगवून सांगून आले. नवरा हसला, ती हसली नाही, माझं काम झालं. त्यामुळे सेठच्या जावयाचं मी जे केलं त्याबद्दल कुणी मला जीव जळतो का असं विचारलं, तर नाही जळत. निदान त्याच्यासाठी तरी नाही.

आमची जिनिंग मिल आदिलाबादच्या बाहेर, निर्मलकडे जाणाऱ्या रस्त्याला. मी बी.कॉम. होऊन तिथं वजनकाट्यावर लागले. कापसाची गाडी आली की तिचं वजन घ्यायचं, कॉम्प्युटरवर नोंद करायची आणि गाडी आत सोडायची, हे माझं काम. आई त्याच मिलमध्ये माझ्या कितीतरी आधीपासून होती, आत शेडमध्ये, पट्ट्यावर. आम्ही मायलेकी एकाच ऑटोनं यायचो. गेटमधून आत शिरलो की ती मला ‘मॅडम’ म्हणायची, निव्वळ चेष्टेनं, आणि तिच्या सोबतच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

पट्टा म्हणजे काय ते सांगते. कापूस सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रात, म्हणजे जिनात, जाण्याआधी एका लांब सरकत्या पट्ट्यावरून जातो. दोन्ही बाजूंना बायका बसलेल्या असतात आणि त्यातला पालापाचोळा, किडक्या बोंडांची कवडी, सुतळीचे तुकडे, गुटख्याच्या पुड्या वेचून आपापल्या टोपलीत टाकतात. पहिल्या जागांवर कचरा धो-धो येतो, हात थांबत नाही. पुढे पुढे कमी होत जातो. अगदी शेवटच्या जागेवर पोचेपर्यंत वेचण्यासारखं जवळजवळ काही उरतच नाही. त्या शेवटच्या जागेला आमच्या बायका ‘माहेर’ म्हणतात. ओली बाळंतीण कामावर परतली की तिला माहेरी बसवायचं. कुणाला ताप असला, कुणाच्या घरी रात्रभर आजारपण झालं, की ती माहेरी. हे ठरवायला मुकादम लागत नाही, कुणी भांडत नाही. सकाळी एकमेकींची तोंडं बघून बायका आपसूक जागा घेतात. आई वर्षानुवर्षं पहिल्या जागेवर बसली. माहेरी बसायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती आणि त्याची तिला थोडी घमेंडही होती.

मग जावई आला.

सेठची एकुलती एक मुलगी हैदराबादेत दिलेली. जावई तिथं कुठल्याशा मोठ्या कंपनीत होता, कारखान्यांचं उत्पादन वाढवून देणं हेच त्याचं शिक्षण. सेठचं वय झालं, तशी मिल बघायला त्याला इकडे आणलं. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मला तो आवडला होता. पूर्वी कापसाच्या भरलेल्या गाड्या आणि सरकी घेऊन जाणारे ट्रक एकाच गेटमध्ये तोंडाला तोंड लावून उभे राहायचे आणि ड्रायव्हर एकमेकांच्या आया-बहिणी काढायचे. त्यानं सरकीच्या ट्रकांना मागचं गेट उघडून दिलं आणि दुसऱ्या दिवसापासून भांडण संपलं. जिनाचे बेल्ट तुटेपर्यंत वाट बघायची नाही, आधीच बदलायचे, हेही त्यानंच लावून दिलं. हुशार माणूस होता. मूर्खाचा सूड घेण्यात तशीही काही मजा नसते.

गेट झालं, बेल्ट झाले, मग तो माणसांकडे वळला. शेडच्या तोंडाशी त्यानं एक मोठा बोर्ड लावला. मोबाईलवर एक अ‍ॅप आणलं. मिलमधल्या प्रत्येक जागेला नाव दिलं आणि प्रत्येक जागेपुढे तिथल्या जबाबदार माणसाचं नाव घातलं. कुठं काम किती झालं, कुठं किती वेळ थांबून राहिलं, सगळं त्यात जायचं. शनिवारी संध्याकाळी अ‍ॅपच हिशेब करायचं. सगळ्यात चांगल्या जागेच्या माणसाचा फोटो हिरव्या चौकटीत, सगळ्यात ढिल्या जागेच्या माणसाचा लाल चौकटीत. ते दोन्ही फोटो आपोआप मिलच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडायचे आणि तो स्वतःच्या हातानं त्यांचे प्रिंट बोर्डावर चिकटवायचा. चिकटवून झालं की दोन पावलं मागे सरून बघायचा, दिवाळीत आकाशकंदील टांगून झाल्यावर बघतात तसा.

ग्रुपवर कोण नव्हतं? कामगार होते, ड्रायव्हर होते, गाड्या पाठवणारे दलाल होते, सेठ होता, सेठाणी होती, सेठची मुलगी होती. मिल म्हणजे एक परिवार आहे, असं जावयाचं म्हणणं होतं.

पट्ट्यावरच्या बायकांचं काम मोजायला त्यानं टोपल्या वजनावर घेतल्या. जिची टोपली जड ती हिरवी, जिची हलकी ती लाल. शेवटच्या जागेची टोपली हलकी असणार हे शेडमधल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. पण त्याला कुणी सांगितलं नाही आणि त्यानं कुणाला विचारलं नाही.

दिवाळीनंतर आईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, धुळीत जाऊ नका. आई म्हणाली, काळा चष्मा लावून जाते. घरी बसणं तिला जमतच नाही. बायकांनी तिला बळंच माहेरी बसवलं. ‘बाई, आमाले आजवर तूनं बसवलं, आता तू बस,’ असं म्हणून एकीनं तिचा हात धरून नेलं म्हणे.

त्या शनिवारी संध्याकाळी मी गॅसवर भाजी टाकत होते. मोबाईल वाजला. लाल चौकटीत आई.

फोटो त्यानंच काढला होता, तिला न सांगता. तोंडावर तो मोठा काळा चष्मा, डोक्यावर धूळ, मान एका बाजूला. खाली लिहिलेलं, या आठवड्यातली सर्वात कमी कामगिरी. त्याच्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. ड्रायव्हर लोकांना काय, त्यांना चष्म्याचं हसू आलं. कुणीतरी तो फोटो पुढे पाठवला असणार, कारण दुसऱ्या दिवशी मुधोळहून मामीचा फोन आला, ‘काय व, तुही माय हिरॉइन झाली म्हने!’

आईनं मोबाईल चांगल्या डोळ्याजवळ धरून फोटो बघितला. मला वाटलं रडेल. ती रडली नाही.

‘चष्मा तरी काढाले लावाचा होता,’ एवढंच म्हणाली.

सोमवारी ती ऑटोत बसली नाही. ‘डोळा बरा होऊ दे, मंग पाहू.’ त्यानंतर बाजाराला जाणं बंद. शेजारणीच्या ओट्यावर बसणं बंद. हळदीकुंकवाचं बोलावणं आलं तर डोळ्याचं कारण. माझी आई, जी पट्ट्यावरच्या बायकांना दमात घ्यायची, ती दार लोटून घरात बसलेली मला बघवेना. तिला पुन्हा त्या शेडमध्ये मान वर करून जाता यावं, एवढंच मला हवं होतं. आणि ज्यानं तिची मान खाली घातली त्याची मान खाली गेलेली मला बघायची होती. ही दुसरी इच्छा जास्त जोरात होती, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

पण आधी मी सरळ मार्गानं गेले. त्याच्या केबिनमध्ये जाऊन उभी राहिले आणि माहेरची जागा म्हणजे काय ते समजावलं. हिंदीत माहेरला मायका म्हटलं, तरी त्याच्या डोक्यात काही शिरलं नाही.

‘मॅडम, वो आपकी मदर है ना?’ तो म्हणाला.

‘हां साब.’

‘इसीलिए बोल रही हो. आंकड़ा किसी का रिश्तेदार नहीं होता.’

हसत म्हणाला. मला बस म्हणाला नाही. मी बाहेर आले, काट्याच्या खोलीत जाऊन पाणी प्यायले, आणि त्याच क्षणी माझं ठरलं. कसं ते ठरलं नव्हतं, पण ठरलं होतं.

कसं ते त्यानंच मला शिकवून ठेवलेलं होतं. त्याचा एक नियम होता: गेटवर आलेली कुठलीही गाडी त्याच्या मंजुरीशिवाय आत सोडायची नाही. कापसात ओल किती ते यंत्रानं बघायचं, कापसाचा फोटो काढायचा, दोन्ही त्याच्या मोबाईलवर पाठवायचं, त्यानं ‘ओके’ दाबलं की गाडी काट्यावर घ्यायची. पूर्वी हे काम सेठचा म्हातारा पारखी कापूस मुठीत दाबून करायचा, गाडी चालतीच असायची. जावयानं ते काम स्वतःकडे घेतलं आणि अ‍ॅपमध्ये ‘गेट मंजुरी’ या जागेपुढे मोठ्या हौसेनं स्वतःचं नाव, स्वतःचा टाय लावलेला फोटो टाकला.

आता खरी गंमत ऐका. हा माणूस दिवसभर फोनवर, मीटिंगमध्ये, नाहीतर जेवायला घरी. त्याचं ‘ओके’ वेळेवर कधी यायचंच नाही. मग मी काय करायची? फोन लावायची. फोन उचलला नाही तर केबिनपर्यंत पळायची. तिथं नसला तर आपल्या जिवावर गाडी आत घ्यायची, कापूस उतरवून घ्यायची, आणि मागाहून त्याचं ‘ओके’ आलं की गाडी आत्ताच आली अशी नोंद करायची. म्हणजे अ‍ॅपला वाटायचं, गाडी आली आणि साहेबांनी लगेच मंजूर केली. गेट मंजुरी कायम हिरवी. त्याचा सगळा हिरवा रंग माझ्या हातचा होता आणि त्याला ते माहीतसुद्धा नव्हतं. तो समजायचा, आपण भलतेच चपळ आहोत.

मी काहीही बिघडवलं नाही. कुणी शपथ घालावी, मी सांगेन. मी फक्त मदत करणं सोडलं.

गाडी आली, त्या मिनिटाला नोंद. ओल पाठवली, फोटो पाठवला, आणि हात मांडीवर ठेवून बसले. ‘ओके’ येईल तेव्हा येईल. ड्रायव्हर ओरडायला लागले की मी काट्याच्या खोलीच्या काचेतून मोबाईल दाखवायची, ‘साहेबांचं आलं नाही अजून.’ आत पट्टा रिकामा फिरायला लागला की शेडचा माणूस धावत यायचा. त्यालाही तेच. पहिल्या दोन-चार दिवसांत जावयाला काही कळलं नाही. मध्येच घाईनं पाच-सहा ‘ओके’ एकदम दाबायचा आणि मला म्हणायचा, ‘आज गाड़ियां बहुत हैं क्या?’ गाड्या रोजच्याइतक्याच होत्या.

आणि मग बासर आलं.

सेठच्या नातवाचा, म्हणजे जावयाच्या मुलाचा, अक्षराभ्यास बासरला सरस्वतीच्या देवळात करायचा ठरला. आमच्याकडे मुलाच्या हातानं पहिलं अक्षर काढून घ्यायला लोक तिथंच नेतात. सगळा कुटुंबकबिला तीन गाड्या करून पहाटे निघाला. आदल्या संध्याकाळी जावई माझ्या काचेशी आला. मी मनात म्हटलं, आता म्हणेल, उद्या तुम्हीच बघून घ्या. म्हणाला असता तर मी बघून घेतलं असतं, माझा डाव तिथंच फसला असता.

तो म्हणाला, ‘मॅडम, मैं नहीं हूं करके गाड़ी ऐसे ही मत छोड़ना. ओके आने तक कुछ नहीं हिलना चाहिए.’

‘जी साब,’ मी म्हणाले. इतक्या नम्रपणे मी देवासमोरसुद्धा कधी बोलले नाही.

त्या दिवशी काहीच हललं नाही. सकाळी नेरडीगोंड्याकडच्या गाड्या आल्या, मग पैनगंगेपलीकडच्या. मी एकेकीची नोंद केली, एकेकीचे फोटो पाठवले. तिकडे साहेबांचा फोन देवळात शिरताना जमा केलेला, नंतर जेवणावळीत कुठल्याशा पिशवीत. गाड्यांची रांग आमच्या भिंतीवरून पुढे रस्त्यापर्यंत गेली. जिनं बंद पडली. शेडमधला तो कायमचा घरघराट थांबला आणि इतकी शांतता पसरली, की पट्ट्यावरच्या बायका बाहेर येऊन मला विचारू लागल्या, कोणी मेलं की काय. मी म्हटलं, नाही, साहेब पूजेला गेलेत.

शेतकरी किती वेळ थांबणार? समोर रस्त्याच्या पलीकडे दुसरी जिनिंग आहे. त्यांच्या गेटवरचा माणूस हात करून बोलवतच होता. एक ट्रॅक्टर वळला, मग त्याच्यामागून सगळ्यांनी चाकं वळवली. माझ्या डोळ्यांदेखत आमचा कापूस रस्ता ओलांडून गेला. मला वाईट वाटलं का? त्या मिलचं मीठ खाल्लेलं होतं, वाटायला हवं होतं. मी डबा उघडला आणि चवीनं जेवले.

दुसऱ्या दिवशी शनिवार. जावई सकाळपासून पांढरा पडलेला, कारण सेठनं त्याला नातवाच्या कौतुकाचे पेढे हातात असतानाच झापलं होतं. पण त्या गडबडीत तो एक गोष्ट विसरला. अ‍ॅप कुणासाठी थांबत नव्हतं. आंकड़ा किसी का रिश्तेदार नहीं होता.

संध्याकाळी ग्रुपवर लाल चौकट पडली. गेट मंजुरी. टाय लावलेला फोटो. या आठवड्यातली सर्वात कमी कामगिरी.

एकही हसणारं तोंड आलं नाही. त्याहून वाईट झालं. सगळ्यांनी बघितल्याच्या खुणा झाल्या आणि कुणी काही बोललं नाही. सेठनं बघितलं, सेठाणीनं बघितलं, त्याच्या बायकोनं बघितलं. सासुरवाडी अख्खी जमलेली असताना जावयाचा असा फोटो पडावा, याहून जास्त मला देवाकडे मागताही आलं नसतं. सोमवारी सकाळी लवकर येऊन मी त्याचा मोठा रंगीत प्रिंट काढला आणि नियमाप्रमाणे बोर्डावर चिकटवला. चिकटवून झाल्यावर मीही दोन पावलं मागे सरून बघितलं.

तो आला, बोर्डाशी थबकला, आणि तडक माझ्या काचेशी आला.

‘ये आपने जान-बूझकर किया.’

‘क्या किया साब? आप जो बोले वोच किया.’

मागे पट्ट्यावरच्या बायका उभ्या होत्या. काम सुरू व्हायला वेळ होता, त्यामुळे कुणाला हलायची घाई नव्हती. त्याची मान हळूहळू खाली गेली. मी ती शेवटपर्यंत जाताना बघितली. मला फार बरं वाटलं.

दुपारी सेठ आला. त्यानं बोर्डाकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, ‘निकालो ये तमाशा.’ ग्रुप बंद, अ‍ॅप बंद, म्हातारा पारखी उद्यापासून गेटवर. जावयाला हैदराबादचं सरकीच्या तेलाचं काम बघायला पाठवायचं ठरलं, म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. बोर्ड काढायला मी कुणाला हात लावू दिला नाही. खिळे मी उपटले. लाल-हिरवे जेवढे म्हणून फोटो होते ते सगळे बायकांनी चहाच्या चुलीत घातले आणि त्या जाळावर चहा केला. मी दोन कप प्यायले.

घरी जाताना मी ऑटोतच मनात सगळं घोळवत होते, आईला कुठून सुरुवात करून सांगायचं. पायरीवरूनच सुरू झाले. बासर, गाड्यांची रांग, टाय, सेठचं तोंड, काही सोडलं नाही. आई ऐकत होती. काळा चष्मा नव्हता. डॉक्टरांनी त्या दिवशी साधा चष्मा दिला होता आणि धुळीत जायला हरकत नाही म्हणून सांगितलं होतं. मधेमधे ती ‘हो का व?’ म्हणत होती, आणि टायच्या वेळी तर खुदकन हसलीसुद्धा.

‘आणि बोर्ड मी माझ्या हातानं काढला,’ मी शेवटी म्हणाले. ‘फोटो सगळे जाळले. ग्रुप पण नाही आता.’

तिचं हसू गेलं.

‘बोर्ड काढलं?’

‘काढलं ना! सेठनंच सांगितलं.’

‘काऊन काढलं?’

मला कळेचना. ‘आई, तुझ्यासाठी तर केलं सगळं. तू तोंड लपवून बसली होतीस—’

‘मी काऊन तोंड लपवीन व?’ ती एकदम चढ्या आवाजात म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिचा तो पट्ट्यावरचा आवाज ऐकला. ‘मी डोळा सांभाळून राह्यली होती. धूळ नको, ऊन नको, बाजार नको. येत्या सोमवारी कामावर जाईन, पयल्या जागी बसीन, म्हटलं. एक हफ्ता लागला असता मले, एकच. हिरवा लागला असता माहा फोटो, त्याच्याच हातानं लावाले लागला असता त्याले. साऱ्यांच्या मोबाईलवर गेला असता. मुधोळले गेला असता.’

‘लावू की पुन्हा बोर्ड,’ मी म्हणाले. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

‘आन् पाहीन कोन? पाहनारा तर तूनं हाकलून देल्ला.’ तिनं नवा चष्मा काढून पदरानं पुसला. ‘तुहं भागलं. माहा लालच राह्यला.’

जावई गेला होता, बोर्ड गेला होता, आता कुणावर चिडावं तेही कळेना.

पुढच्या सोमवारी ती माझ्याबरोबर ऑटोत बसली. गेटमधून मान वर करून आत गेली, पहिल्या जागेवर बसली आणि जेवायच्या सुट्टीपर्यंत हात थांबवला नाही. सगळ्यात जड टोपली तिची होती, असं बायका सांगत होत्या. वजन काही कुणी केलं नाही.